गावात बाई सरपंच, शाळेत मुख्यमंत्री मात्र मुलगाच. असं का?

सातवीच्या बाई
माझी शाळा जिल्हा परिषदेची. दरवर्षी चिठ्ठ्यांवर मतं घेऊन शालेय मंत्रिमंडळ निवडतो. मुख्यमंत्री मुलगा आणि स्वच्छतामंत्री मुलगी, हे ठरल्यासारखंच. सरपंचपद बायकांसाठी राखीव आहे, तरी वर्गात "आपले सरपंच कोण?" विचारलं तर निम्म्या पोरांनी बाईंच्या यजमानांचं नाव सांगितलं. पोरांना तरी काय बोलू? प्रचाराच्या बॅनरवर बाई डोक्यावर पदर घेऊन हात जोडून कोपऱ्यात, आणि मधोमध गॉगल लावलेले यजमान! बायका उभ्या राहिल्याने पोरांच्या डोक्यात खरंच काही बदलतं का?

पारावरचा
बदलतं, पण सबुरीने. पश्चिम बंगालच्या बीरभूम जिल्ह्यातल्या ४९५ गावांची पाहणी २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली, एस्थर डुफ्लो आणि इतर अर्थतज्ज्ञांची. प्रधानपद, म्हणजे तिकडचं सरपंचपद, जिथे दोनदा बायकांसाठी राखीव होतं तिथे मुलगे नि मुलींच्या आकांक्षांमधलं अंतर ३२ टक्क्यांनी घटलं, शिक्षणातलं तर संपलंच. मुलींचा घरकामाचा वेळही कमी झाला. 'दोनदा' हा शब्द महत्त्वाचा.

उपरा
आमच्याकडे आरक्षण फिरलं की बाई पुन्हा चुलीपाशी. ५० टक्के जागा २०११ पासून आहेत, म्हणून काय झालं?

माजी सदस्य
मी सांगते काय झालं. पहिल्या वर्षी सासरे रजिस्टर घरी आणायचे, मी सही करायचे. मग एका ग्रामसभेत पाणीपट्टीचा हिशोब मीच वाचला. माइक खरखरत होता, हात कापत होते. दुसऱ्या दिवशी शेजारची नववीतली पोर नळावर विचारते, "काकी, भ्या नाही वाटलं?" बॅनर राहू द्या बाई, पोरांना ग्रामसभेला न्या.

सातवीच्या बाई
नेलं, १५ ऑगस्टला, बारा जणांना. सरपंचबाईंनी विषय स्वतः वाचले, यजमान दारात उभे. आमच्या एका मुलीने शाळेच्या गळक्या नळाचं विचारलं. बाई ग्रामसेवकांना म्हणाल्या, "घ्या लिहून." नळ अजून गळतोय. आणि परतताना एक पोरगा म्हणतो, "बाई, त्यांना वाचता येतं की!"