पाच हजारांत कॅमेऱ्याच्या फिल्टरचा संच नको, एक चांगला पोलरायझर घ्या

सांदण
पावसाळा तोंडावर आला की किट लेन्सवाल्या (कॅमेऱ्यासोबत मिळणारी लेन्स वापरणाऱ्या) नव्या मंडळींचा प्रश्न ठरलेला: घाटातले धबधबे, कास, कोकणकडा टिपायचाय, फिल्टरसाठी पाच हजार बाजूला काढलेत, काय घेऊ? आणि त्यांना हमखास यूव्ही (अतिनील किरण अडवणारा), सीपीएल (चकाकी कमी करणारा), एनडी (सगळाच प्रकाश कमी करणारा) असा तिघांचा स्वस्त संच सुचवला जातो. माझं मत स्पष्ट आहे. संच घेऊ नका, सगळे पैसे एका चांगल्या सर्क्युलर पोलरायझरवर, म्हणजे सीपीएलवर घाला.

बाकीचे फिल्टर जे करतात ते थोडंफार नंतर संगणकावर साधता येतं. ओल्या पानावरची पांढरी चकाकी मात्र तशी काढता येत नाही, कारण तिच्याखालचा हिरवा रंग सेन्सरपर्यंत नीट पोचलेलाच नसतो. ‘ढगाळ हवेत सीपीएल कशाला’ असं म्हणणारे फक्त निळ्या आकाशाचा विचार करतात. ताम्हिणीत भर श्रावणात एखाद्या ओढ्याकाठी थांबा आणि फिल्टर हळूहळू फिरवत स्क्रीनकडे बघा. कातळावरची चंदेरी झाक उतरते, पाण्याखालचे गोटे दिसू लागतात, झाडी गडद होते. शिवाय सीपीएल दीड ते दोन स्टॉप प्रकाश खातो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा). झाडीच्या सावलीत आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० आणि एफ/११ (लेन्सचं छिद्र) वर १/४ सेकंदाचा शटर मिळत असेल, तर तो लावल्यावर जवळपास १ सेकंद मिळतो. धबधब्याचं पाणी दुधाळ व्हायला तेवढं पुरतं.

कातळवाट
साफ असहमत. पाच हजारच असतील तर आधी ट्रायपॉड घ्या. तुम्ही म्हणता तो १ सेकंद हातात धरून निघणार आहे का? नव्या माणसाकडे धड ट्रायपॉड नसतो, आणि आपण त्याला काच विकत घ्यायला लावतोय.

पाणी मऊ करायला एनडीसुद्धा लागत नाही. ट्रायपॉडवर १/४ सेकंदाचे १६ फोटो लागोपाठ काढा, संगणकावर त्यांची सरासरी घ्या, ४ सेकंदांच्या एक्स्पोजरसारखा परिणाम मिळतो. वर नॉइजही (फोटोतले दाणे) कमी होतो. आकाश जळत (पांढरंफटक येत) असेल तर ब्रॅकेटिंग करा, म्हणजे कमी-जास्त प्रकाशाचे फोटो काढून जोडा. फुकटात होणाऱ्या गोष्टींसाठी पैसे का घालवायचे?

खारा वारा
तुम्ही दोघंही घाटमाथ्यावरून बोलताय, जरा खाली उतरा. आरे-वारेला किंवा हरिहरेश्वरच्या खडकांवर संध्याकाळी ब्रॅकेटिंग करून दाखवा. तीन फोटोंत लाट तीन ठिकाणी असते, जोडल्यावर फेसाची नुसती भुतं दिसतात. इथे एकाच फोटोत आकाश आणि पाणी दोन्ही सांभाळायला ग्रॅज्युएटेड एनडी (वर काळा, खाली पारदर्शक) लागतो, आणि समुद्राचं क्षितिज सरळ असल्यामुळे तो चपखल बसतो. लाटांचं धुकं करायचं तर ६ स्टॉपचा एनडी६४ हवा. १/१५ सेकंदाचा शटर त्याने ४ सेकंदांवर जातो. सरासरीच्या फोटोंत मधल्या फटी राहतात, खडकावरून ओघळणाऱ्या पाण्याच्या रेघा सलग येत नाहीत.

कोकणात राहणाऱ्याने सीपीएल आधी का घ्यावा, हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही.

सांदण
खारा वारा, समुद्रापुरतं तुमचं मान्य. ज्याचं चित्रण मुख्यतः किनाऱ्यावर आहे त्याने एनडी६४ आधी घ्यावा. पण ग्रॅज्युएटेड फिल्टर सह्याद्रीत नेऊन बघा. हरिश्चंद्रगडावरून समोरचे सुळके क्षितिज फोडून वर येतात, आणि फिल्टरची काळी पट्टी त्यांचे माथेही काळे करते. तिथे रॉमध्ये (सेन्सरच्या कच्च्या फाइलमध्ये) दोन एक्स्पोजर काढणंच बरं.

आणि स्वस्त एनडीबद्दल नव्या लोकांना सावध करायलाच हवं. १० स्टॉपचा हलक्या प्रतीचा एनडी१००० दिसणारा प्रकाश अडवतो, इन्फ्रारेड मात्र बराच आत सोडतो. हिरवी पानं इन्फ्रारेड भरपूर परावर्तित करतात, त्यामुळे आपल्या पावसाळी डोंगरांवरच त्याची तांबूस छटा सगळ्यात वाईट उठते. व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) हलवून ती पूर्ण जात नाही.

कातळवाट, ट्रायपॉडचं तुमचं म्हणणं योग्यच आहे. पण ट्रायपॉड पानावरची चकाकी काढत नाही.

सोनकीचं पठार
सीपीएलचं इतकं कौतुक चाललंय म्हणून दुसरी बाजू मांडते. कासला सप्टेंबरात वारा थांबत नाही. तेरड्याचे, सोनकीचे गालिचे सतत डोलत असतात. तिथे दोन स्टॉप प्रकाश गमावणं म्हणजे १/२५० वरून १/६० वर येणं, आणि मग फुलं हललेली येतात. आयएसओ वाढवा म्हणाल, तर जुन्या स्वस्त कॅमेऱ्यावर नॉइजच्या रूपात त्याचीही किंमत मोजावी लागते.

ऊनपावसात इंद्रधनुष्य पडलं तर सीपीएल आधी काढा. इंद्रधनुष्याचा प्रकाश ध्रुवीकृत (एकाच दिशेत कंप पावणारा) असतो, चुकीच्या कोनात फिल्टर असेल तर ते चक्क पुसलं जातं. आणि ऑक्टोबरच्या निळ्या आकाशात १८ एमएमवर, म्हणजे रुंद दृश्यात, अर्धं आकाश गडद, अर्धं फिकट येतं. संगणकावर ते समसमान करताना जीव जातो. हे सगळं सांगितल्याशिवाय ‘सीपीएल घ्याच’ म्हणणं मला बरोबर वाटत नाही.

मिरगाची सर
मापाबद्दल कुणीच बोललं नाही. किट लेन्सचा फिल्टर बसायच्या जागेचा व्यास बहुतेक वेळा ५२, ५५ किंवा ५८ एमएम असतो. त्याच मापाचा फिल्टर घेतला तर उद्या मोठी लेन्स घेतल्यावर तो पडून राहतो. एकदाच ७७ एमएमचा घ्या आणि स्टेप-अप रिंग (लहान लेन्सवर मोठा फिल्टर बसवणारी कडी) लावा, ती फार स्वस्त असते. तोटा एवढाच की लेन्स हूड (लेन्सपुढची टोपी) बसत नाही, त्यामुळे पावसाचे थेंब काचेवर जास्त येतात. मऊ कापड खिशात हवंच.

काही जुन्या किट लेन्सचा पुढचा भाग फोकस करताना स्वतःच फिरतो. अशा लेन्सवर आधी फोकस, मग सीपीएल.

आणि संचातल्या त्या यूव्हीचे पैसे तरी नक्की वाचवा. तो फिल्मच्या काळासाठी होता. डिजिटल सेन्सरसमोर यूव्ही अडवणारी काच आधीच असते.

खारा वारा
यूव्हीबद्दल थोडं थांबा. समुद्राचे खारट तुषार आणि उडणारी वाळू मी पुढच्या काचेवर बसू देणार नाही. किनाऱ्यावर तो लावायचा, सूर्य समोर आला की चमक टाळायला काढायचा. घाटात नको असेल तर नका लावू.