झटके म्हणजे हंटिंग्टनच असं नाही

'हंटिंग्टन (हातपाय आपोआप उडायला लावणारा मेंदूचा आजार) आनुवंशिक, घरात कोणाला नसेल तर मुलांच्या झटक्यांची काळजी नको,' असं एक म्हणणं वाचलं, ते अर्धंच पटलं. शाळकरी वयात असे झटके (फिट नव्हे, हातपाय आपोआप हलणं) बरेचदा सिडनहॅम कोरिया या आजाराचे असतात. त्याला वारसा लागत नाही, स्ट्रेप्टोकॉकस नावाच्या जंतूने झालेली घसादुखी पुरते.

माझी भाची नऊ वर्षांची होती. आधी अक्षर बिघडलं, मग वरणाची वाटी हातातून सुटायला लागली. बाईंनी वहीवर 'लक्ष नाही' असा शेरा मारला, आम्हीही रागावलो (आता लाज वाटते). झोपली की मात्र सगळं शांत. डॉक्टरांनी त्यांची दोन बोटं तिला घट्ट धरायला सांगितली, तर तिची मूठ आवळे नि सुटे, गाईची धार काढावी तशी. चार महिन्यांपूर्वी घसा धरला होता, तो आम्ही मिठाच्या गुळण्यांवर काढला होता. स्ट्रेप्टोकॉकसविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडं (अँटिबॉडीज) मेंदूवरच उलटतात म्हणे. झटके काही महिन्यांत गेले. पण हा ऱ्हुमॅटिक फीव्हरचाच (अशा घसादुखीनंतर येणारा, हृदयालाही इजा करू शकणारा आजार) प्रकार, त्यामुळे टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) करून हृदयाच्या झडपा बघायलाच हव्यात. तो जंतू पुन्हा घशात बसू नये म्हणून तिला अजून दर २१ दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन असतं, आणि दुसऱ्या दिवशी बाकावर ती एका अंगावर बसते.