आरएफ शिकायचं तर आधी पुस्तक की आधी व्हीएनए?

सोल्डर_सम्राट: आरएफ-मायक्रोवेव्ह (रेडिओ लहरींच्या वारंवारतेवर चालणारी सर्किटं) कुठून शिकू, असं कुणी विचारलं की उत्तर ठरलेलं: पोझारचं 'मायक्रोवेव्ह इंजिनिअरिंग' वाच. पहिल्याच प्रकरणात मॅक्सवेलची समीकरणं! निम्मी पोरं तिथेच गारद. माझं म्हणणं, आधी नॅनोव्हीएनए घ्या, म्हणजे छोटा व्हीएनए: सर्किटमध्ये सोडलेला सिग्नल किती परत येतो, किती पार जातो ते मोजणारं यंत्र. काही हजारांत मिळतो. १० पिकोफॅरडचा साधा कपॅसिटर पाय न कापता जोडा. तारेला मिलिमीटरमागे साधारण १ नॅनोहेन्री इंडक्टन्स धरतात, म्हणजे पाय मिळून १० मिमी असले तर ५०० मेगाहर्ट्झच्या आसपास रेझोनन्स, तिथे दोघांचा परिणाम एकमेकांना खोडतो. त्याच्या वर तुमचा कपॅसिटर चक्क इंडक्टर झालेला! स्मिथ चार्टवर (इम्पीडन्स दाखवणारा गोल आलेख) हे बघितलेला माणूस जन्मात विसरत नाही.

समांतर_रेषा: विसरत नाही, पण कळतं का? मूळ नॅनोव्हीएनए ९०० मेगाहर्ट्झपर्यंतचा, तोही ३०० च्या वर हार्मोनिक्सवर (मूळ सिग्नलच्या पटीतल्या वारंवारतांवर) चालतो. त्यात मायक्रोवेव्ह कुठे आलं? आणि पोरं कॅलिब्रेशन (मोजणीचं शून्य ठरवणं) करतात केबलच्या टोकाला, मग पुढे अ‍ॅडॉप्टर जोडतात. त्या जादा लांबीने बिंदू चार्टवर गोल फिरला की म्हणे अँटेना खराब. पोझारचं पहिलं प्रकरण जड जातंय ना? दुसऱ्यापासून धरा, ट्रान्समिशन लाइनपासून (सिग्नल वाहून नेणारी केबल किंवा तारांची जोडी). त्याला पर्याय नाही.

एस_अकरा: एनपीटीईएल या ऑनलाइन कोर्सच्या संकेतस्थळावर आयआयटी मुंबईच्या गिरीश कुमार सरांची अँटेना आणि मायक्रोवेव्हवरची लेक्चर्स आहेत, फुकट. पण वही न घेता दीडपट वेगाने बघणाऱ्यांनी त्या वाटेला जाऊच नये. जोडीला क्यूक्स-एस, ओपनईएमएस ही फुकटची सिम्युलेशन सॉफ्टवेअर.

बेंचवरचा: मुलाखतीत एडीएस आणि एचएफएसएस ही विकतची सॉफ्टवेअर विचारतात हो, ओपनईएमएस कोण विचारतंय?

एस_अकरा: मेश म्हणजे काय (सिम्युलेशनसाठी मॉडेलचे बारीक तुकडे) हे कळलं की कुठल्याही सॉफ्टवेअरची बटणं आठवड्यात सापडतात.

सोल्डर_सम्राट: बरं, रेषेच्याच वाटेने जाऊ. आरजी-५८ या कोअ‍ॅक्सियल केबलचा तुकडा घ्या, ४३३ मेगाहर्ट्झसाठी पाव तरंगलांबीचा स्टब (एकाच टोकाने जोडायचा तुकडा) कापा, टोक उघडं ठेवा. उघडं टोक जोडलेल्या बाजूने शॉर्ट दिसतं.

समांतर_रेषा: किती लांब कापायचा? हवेत १७३ मिमी, केबलमधला वेग ०.६६ पट, म्हणून ११४. हा गुणाकार ज्याला येत नाही तो केबलची नासाडी करणार.

सोल्डर_सम्राट: आणि बरोबर ११४ कापूनही शॉर्ट ४१० मेगाहर्ट्झला दिसला, तर? कनेक्टरच्या आतली लांबी धरायची राहिली, हे बेंचवर बसल्याशिवाय कुणाच्या ध्यानात येतं, सांगा.