मदत हवी आहे: विद्यार्थ्यांच्या वर्तमानपत्राची घटना (नियमावली) कशी लिहायची?

नमस्कार मंडळी, आम्ही लातूरचे काही पोरंपोरी मिळून विद्यार्थ्यांचा स्वतंत्र पेपर काढायलोत, महिन्याला एक अंक, कॉलेजकडून एक रुपयाही न घेता. कॉलेजचं वार्षिक नियतकालिक आहेच, पण त्यात प्राचार्यांचं मनोगत आन कविता, हॉस्टेलच्या पाण्याची बातमी काय येत नाही.

अडलंय ते कारभारावर. संपादक कोणी नेमायचा? मतदानानं निवडला तर संघटनावाले गठ्ठ्यानं येऊन बसतील, आन जुन्यांनीच नवा निवडला तर दोस्तमंडळींचाच पेपर होतो. माझं मत असं की बातमी देणारे आन पैसा बघणारे वेगळे ठेवावेत, कारण लातुरात जाहिरात म्हणजे क्लासेसवाले, आन फीवाढीची बातमी पण त्यांच्याचबद्दल लिहायची! अमेरिकेतल्या येल विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांचा पेपर 1878 पासून विद्यापीठाच्या पैशाशिवाय चालतो म्हणे, पण तिथल्या माजी विद्यार्थ्यांच्या खिशाची आपल्याशी काय बरोबरी.

दुसरं, वर्तमानपत्रांच्या नोंदणीचा 1867 चा जुना कायदा जाऊन 2023 चा नियतकालिक नोंदणीचा कायदा मार्च 2024 पासून लागू झालाय, त्यात नोंदणी कोणाच्या नावानं करावी? 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली संस्था काढायची तर किमान सात जण लागतात, पण आमच्यातले निम्मे पुढच्या वर्षी पास होऊन पुण्याला जाणार, मग सह्या कोणाच्या?

नांदेड, परभणी, संभाजीनगरकडं कोणी असं चालवलं असेल तर नियमावलीचा नमुना द्या ना. बदनामीची नोटीस आली तर जबाबदार कोण, हे कसं लिहिलं होतं तेवढं तर नक्कीच सांगा.