आमूलाग्र : मूळही आणि शेंडाही

भाची स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. परवा रात्री तिचा मेसेज आला : "मामा, अमुलाग्र की आमूलाग्र? आणि आमूलाग्र सुधारणा म्हणजे खूप मोठी सुधारणाच ना?" पहिल्याचं उत्तर दोन ओळींत देता आलं, दुसऱ्यासाठी फोन करावा लागला. तेच इथे मांडतो.

शब्द आमूलाग्र. आ, मूल आणि अग्र असे त्याचे तीन तुकडे. संस्कृतातून जसाच्या तसा आलेला, म्हणून मू दीर्घ. मी मुद्रितं तपासतो, आणि सुरुवातीचा 'अ' खोडून 'आ' करण्याचं काम मला सारखंच पडतं. हा 'आ' गेला तर शब्दाचा जीवच जातो, कारण अमर, अमूल्य यांतला 'अ' नकाराचा आहे. इथला 'आ' मर्यादा सांगणारा : अमुकपासून अमुकपर्यंत. आबालवृद्ध म्हणजे बाळांपासून वृद्धांपर्यंत, आसेतुहिमाचल म्हणजे सेतूपासून हिमालयापर्यंत. तसं आमूलाग्र म्हणजे मुळापासून शेंड्यापर्यंत. यातला अग्र म्हणजे टोक, कुशाग्र बुद्धीत दर्भाचं जे टोक आहे तोच.

म्हणून हा शब्द 'खूप मोठा' या अर्थाचा नाही. त्यात आकार नाही, दोन टोकं आहेत. एका हस्तलिखितात "काही अंशी आमूलाग्र बदल" असं वाचलं आणि पेन्सिल थांबली. काही अंशी असेल तर तो आमूलाग्र कसा? 'आमूलाग्रपणे' हेही नको. "पद्धत आमूलाग्र बदलली" एवढं पुरतं, 'पणे'ची पुरवणी लागत नाही.

जवळचे शब्द आहेत, पण ते याची जागा घेत नाहीत. 'समूळ' मध्ये रोप मुळासकट उपटलं जातं. देवीच्या रोगाचं समूळ उच्चाटन झालं, १९८० साली जागतिक आरोग्य संघटनेनं तसं जाहीर केलं. आमूलाग्र बदलात रोप जागेवरच राहतं, पण त्याचा कण अन् कण पालटतो. 'कायापालट' डोळ्यांना दिसतो, एसटी स्टँडचा होतो तसा. मुळाचं काय झालं ते तो शब्द सांगत नाही. हिंदीतलं 'आमूलचूल परिवर्तन' हल्ली मराठी बातम्यांत आलं की मला वाईट वाटतं. तिथला चूल म्हणजे शेंडी, शिखर. मराठी वाचकाला मात्र स्वयंपाकघरातली चूल दिसते.

उदाहरण दे म्हटल्यावर तिनं कूळकायदा काढला, अभ्यासक्रमात आहे म्हणून. कूळ म्हणजे दुसऱ्याची जमीन खंडानं किंवा वाट्यानं कसणारा. मला तो घरातून माहीत आहे. १९४८ चा कायदा, आणि मग १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन. त्या दिवशी कसणारं कूळ कायद्यानं जमिनीचं खरेदीदार मानलं गेलं. माझे आजोबा, म्हणजे तिचे पणजोबा, कूळ होते. किंमत हप्त्यानं फेडली, खरेदी झाल्याचं '३२ म'चं सर्टिफिकेट मिळालं आणि सातबाऱ्यावर त्यांचं नाव 'इतर हक्क' या रकान्यातून कब्जेदार सदरी, म्हणजे मालकाच्या रकान्यात, चढलं. शेत तेच, बांध तेच, ज्वारीही तीच. पण खळ्यावरून धान्याचा वाटा मालकाकडे पोचवायचा होता तो थांबला, विहिरीसाठी कर्ज आमच्या नावावर मिळालं, आणि वडील शाळेत टिकले. हक्क हे मूळ, वडिलांची पाटी हा शेंडा. आमच्या घरापुरता हा बदल आमूलाग्र, असं मी छातीठोकपणे लिहीन.

साऱ्या कायद्याला तो शब्द लावताना मात्र माझा हात अडखळतो. कितीतरी ठिकाणी कुळांनी जमीन 'राजीखुशीनं' सोडल्याच्या नोंदी झाल्या, आणि ती राजीखुशी कशी घेतली जाते हे गावात राहिलेल्याला सांगावं लागत नाही. तिथे मुळाला हात लागला, शेंड्यापर्यंत काहीच पोचलं नाही. परीक्षेत "कूळकायद्यानं आमूलाग्र सुधारणा झाली" असं वाक्य आलं तर 'कुणाच्या बाबतीत' हे लिहून मगच पुढे जा, असं तिला सांगितलं.

ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मामा, पणजोबांच्या त्या उताऱ्याचा फोटो पाठव ना."