पेशींचे वार्धक्य कर्करोगाला अडवते की पोसते?

परभणीची विद्यार्थिनी: विभाजन कायमचे थांबवलेली वृद्ध पेशी कर्करोगाविरुद्धची तटबंदी आहे असे एका प्रकरणात वाचले, आणि पुढच्याच प्रकरणात तीच गाठीला खतपाणी घालते असे आहे; यातले काय खरे मानावे?

लातूरचे प्राध्यापक: दोन्ही. प्रयोगशाळेत वाढवलेल्या सामान्य मानवी पेशी सुमारे ५० विभाजनांनंतर थांबतात, हे हेफ्लिक व मूरहेड या शास्त्रज्ञांनी १९६१ मध्ये दाखवले. टेलोमिअर (गुणसूत्रांची संरक्षक टोके) झिजले किंवा विभाजनाला चालना देणारे रास जनुक बिघडून उधळले, की पी५३ आणि पी१६ ही प्रथिने लगाम खेचतात. हातावरचा तीळ पाहा: अनेक तिळांच्या रंगपेशींत बीरॅफ या तशाच चालना देणाऱ्या जनुकाचा बिघाड असतो, तरी तीळ मसुराएवढा होऊन वर्षानुवर्षे तेवढाच राहतो. (हे निव्वळ वार्धक्यच का, यावर मतभेद आहेत.)

बीडचा वाचक: मात्र थांबलेली पेशी मुकी नसते, सर. ती आयएल-६, आयएल-८ हे दाह चेतवणारे संदेश-रेणू आणि प्रथिने कापणारी विकरे स्रवत राहते. त्या हाकेला धावून प्रतिकारपेशी तिला उचलून नेतात. पण ही सफाई वयोमानाने रेंगाळली, तर वेचणीनंतर रानात उभ्या ठेवलेल्या पऱ्हाटीत बोंडअळी पोसावी, तशी शेजारच्या बिघडलेल्या पेशींची सोय होते.

परभणीची विद्यार्थिनी: मग केमोथेरपीचे काय?

लातूरचे प्राध्यापक: डॉक्सोरुबिसिनसारख्या औषधाने गाठीतल्या काही पेशी मरण्याऐवजी वार्धक्यात जातात आणि त्यांतल्या थोड्या पुढे निसटून पुन्हा विभाजू लागतात, म्हणूनच नेमक्या अशाच पेशी टिपणाऱ्या सेनोलिटिक औषधांवर सध्या संशोधन चालू आहे.