घरातल्या कुंड्यांना पांढरी कीड लागली, कपाशीचं औषध मारू का?

वावरातला_भाऊ:
राम राम मंडळी, आर्णीकडचा हाय. हॉलमदी मनी प्लांट अन क्रोटनच्या कुंड्या हायेत, बहिणीनं हौसेनं आणलेल्या. आता पानाच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं चिकटलं, पानं चिकट, खालची फरशी पण चिपचिप करते. वरून मातीतून बारीक काळ्या माश्या उडतात, जेवताना ताटावर येतात बाप्पा. बाबा म्हणतात कपाशीचं मोनोक्रोटोफॉस उरलं हाय, थोडंसं पाण्यात टाकून मार, एका दमात साफ. मारू का?

वर्धेवाली_ताई:
अजिबात नको!! ते भाजीपाल्यावर मारायले पण बंदी हाय अन तू हॉलमदी मारतो? 2017 ले आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं 20 च्या वर शेतकरी गेले, ते तर मोकळं वावर होतं. घरात लहान पोट्टे असतील तर ती बाटली पण घरातून काढ आधी.

कृषी_केंद्रावाला:
ताईशी सहमत. दुकानात बसून सांगतो, मोठं औषध घ्यायचं कामच नाई. ह्या दोन वेगळ्या किडी हायेत, भाऊ. पांढरा तो पिठ्या ढेकूण, अंगावर मेण असते म्हणून साधं पाणी मारलं तर ओघळून जाते. मेडिकलमधून सर्जिकल स्पिरिट आण, कापसाचा बोळा बुडवून एक एक पुसून काढ, आधी एका पानावर लावून पाय. स्पिरिट पेट घेते, देवाच्या दिव्याजवळ हा उद्योग करू नको. मग 1 लिटर पाण्यात 5 मिली निमतेल अन थोडं लिक्विड साबण, साबण नसला तर तेल वरच तरंगते. कुंड्या अंगणात नेऊन संध्याकाळी मार, पानाच्या खालून पण. अंडी राहतातच म्हणून दर आठवड्याले परत, महिनाभर तरी. एकदा मारून "काही फरक नाई" म्हणणारे रोज येतात दुकानात.
माश्या म्हणजे फंगस ग्नॅट, त्याची अळी वरच्या ओल्या मातीत असते. पाणी कमी कर, वरची बोटभर माती सुकल्याशिवाय टाकायचंच नाई. कपाशीत पांढऱ्या माशीसाठी पिवळे चिकट सापळे लावतो ना, त्याचाच छोटा तुकडा कुंडीत खोच. पण सापळ्यात उडणारी माशीच अडकते, अळी तर माती सुकली तरच जाते.

अकोल्याचा_माळी:
कूलरची हवा थेट कुंडीवर येते का? तसं असंल तर माती सुकतच नाई, कुंड्या बाजूले घे. अन मुंग्या दिसतात का? पिठ्याचा चिकटा खायले मुंग्या येतात अन त्यालेच पोसतात, इकडून तिकडे नेतात पण. खिडकीबाहेर जास्वंद असंल तर तिच्या शेंड्याजवळ पाय, तिथं पिठ्या पक्का भेटते.

वावरातला_भाऊ:
जास्वंद खिडकीले टेकूनच हाय, आताच पायलं, शेंडे पांढरेफक अन मुंग्यांची रांग खिडकीतून आत. तेले पण स्पिरिट पुसत बसू का, झाड डोक्याएवढं हाय 😅

अकोल्याचा_माळी:
पुसू नको रे, लागलेले शेंडे छाटून पिशवीत बांधून जाळ, फेकले तर परत चढते. खिडकीले लागणाऱ्या फांद्या पण काप म्हणजे मुंग्यांचा रस्ता बंद. मग निमतेल.

वर्धेवाली_ताई:
अन निमतेल नसंल तर निंबोळ्या कुटून 50 ग्रॅम एक लिटर पाण्यात रात्रभर ठेव, सकाळी गाळून साबण टाक. वास लय येते, घरात करू नको, बहीण कुंडीसकट तुले बाहेर काढंल.